गाडीवरचा स्वस्त वॉटरप्रूफ हॅम रेडिओ: निवड, जोडणी आणि पावसाळ्यातली निगा

मृग निघाला की साताऱ्याच्या पश्चिमेला कास, बामणोली, तापोळा, कोयनानगर या पट्ट्यात पाऊस थांबायचं नाव घेत नाही, आणि मोबाइलची रेंज सगळ्यात आधी जाते. सांगलीकडे पाऊस त्या मानानं कमी, पण आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांची इशारा पातळी ओलांडून ४५ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली की तिथंही तीच गत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा मुलखात जीपवर किंवा बाइकवर हॅम रेडिओ (परवाना घेऊन हौसेनं चालवायचा वायरलेस सेट) बसवायचा तर वॉटरप्रूफ सेट घ्यावा, हे कुणालाही सुचतं. घोळ होतो तो त्यानंतर. डबा कोरडा राहतो. पाणी शिरतं ते अँटेनाच्या जोडातून, फ्यूजच्या खोबणीतून, माइकच्या प्लगमधून आणि फिटरनं पिळा मारून टेप गुंडाळलेल्या वायरीतून. म्हणून इथं सेटपेक्षा जोडांबद्दलच जास्त लिहिलं आहे.

आधी परवाना

हॅम रेडिओ परवान्याशिवाय चालवता येत नाही. परीक्षा आणि परवाना दोन्ही केंद्रीय दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस परवाने बघणाऱ्या) शाखेकडे असतात आणि अर्ज सरल संचार पोर्टलवरून करायचा असतो. वयाची १२ वर्षं पूर्ण असली की परीक्षेला बसता येतं. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) लागत नाही, कॉलसाइन (हवेत सांगायचं आपलं नाव) व्हीयू३ नं सुरू होतं. जनरल ग्रेडला मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स आणि व्हीयू२. रिस्ट्रिक्टेडवाल्यांना व्हीएचएफवर (१४४-१४६ मेगाहर्ट्झचा बँड यातच येतो) पॉवरची मर्यादा कमी असते, त्यामुळे २५ वॉटचा सेट घेतला तरी तो ‘लो’वरच ठेवावा लागेल का, हे परवान्यातला आकडा बघून ठरवा. वाहनातून चालवण्याच्या अटीही परवान्यासोबतच्या नियमांत वाचून घ्या. आणि ऊसतोडीच्या टोळ्या, दुधाच्या गाड्या, हॉटेलचा निरोप असल्या धंद्याच्या कामाला हा रेडिओ वापरता येत नाही, परवाना असला तरी.

सेट घेताना त्या मॉडेलला भारतातली ईटीए मान्यता आहे का, हे विक्रेत्याला लेखी विचारा. ऑनलाइन दिसतो म्हणजे कायदेशीर, असं समजू नका.

सेट निवडताना काय बघायचं

आयपी६७ मधला ६ धुळीसाठी आहे, म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. ७ चा अर्थ एक मीटर खोल गोड्या पाण्यात अर्धा तास. या चाचणीत पाण्याचा जोराचा फवारा येत नाही, त्यासाठी ५ आणि ६ हे वेगळे आकडे आहेत. थोडक्यात, आयपी६७ चा सेट पुराच्या पाण्यात पडून वाचेल आणि वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपापुढे हरेल. गाडी धुवायला देताना सेट काढून घ्या, निदान त्याच्याकडे नोझल वळवू नका असं सांगा. शिवाय ही चाचणी नव्या रबरावर आणि सगळे प्लग घट्ट बसवून झालेली असते. माइकचा प्लग सैल असेल तर डब्यावरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

माइकचा जोड आट्यांचा आणि आत ओ-रिंग असलेला हवा. टेलिफोनसारखा खटकन बसणारा प्लास्टिकचा प्लग असेल तर तो सेट ‘पाण्याचे चार थेंब सोसणारा’ समजा, वॉटरप्रूफ नव्हे. स्पीकर माइकमध्येच असेल तर बाइकवर सोयीचं पडतं. प्रोग्रामिंगच्या भोकावरचं रबरी बूच दोरीसारख्या पट्टीनं सेटला जोडलेलं असावं. सुटं बूच पहिल्या पावसाळ्यातच हरवतं.

बंद डब्यात पंखा नसतो. सगळी उष्णता मागच्या खाचांतून बाहेर पडते. स्वस्त सेटचा हाच खरा कमकुवत भाग. मिरजेच्या एप्रिलमधल्या उन्हात २५ वॉटवर सलग दोन-तीन मिनिटं बोललात तर डबा हात लावू देणार नाही, आणि बरेच सेट त्याआधी स्वतःच पॉवर कमी करतात. मेनूमधला टाइम-आउट टायमर दोन मिनिटांच्या आत आणा.

वॉटच्या मागे लागू नका. २० आणि २५ वॉटमधला फरक एक डेसिबल, समोरच्याच्या कानाला तो कळतही नाही. सिग्नल मीटरचा एक काटा हलायला सहा डेसिबल लागतात, म्हणजे पॉवर चौपट. अँटेना बंपरवरून टपावर नेली की त्या एका डेसिबलहून जास्त मिळतं. म्हणून सेटच्या किमतीचा निदान चौथा हिस्सा अँटेना, केबल, जोड आणि टेपसाठी बाजूला काढा. तिथं वाचवलेले पैसे ऑगस्टमध्ये दुप्पट जातात.

बॅटरीपासून सेटपर्यंत

२५ वॉटचा सेट बोलताना साधारण ५ ते ६ अँपिअर खातो, नुसता ऐकताना ०.४ च्या आसपास. जीपच्या बॅटरीला हे काहीच नाही. बाइकचा हिशेब वेगळा. १००-१२५ सीसीच्या बाइकला ३ ते ५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. ५ ची धरली तरी इंजिन बंद ठेवून नुसतं ऐकत बसलात तर सहा तासांत निम्मी संपते, आणि वर बोललात तर सेल्फ मारायचा विसरा. अशा बाइकवर ५ वॉटचा ‘लो’च वापरा, किंवा डिकीत ७ अँपिअर-तासांची वेगळी लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी ठेवा. दहातला एक भाग वेळ बोलणं आणि बाकी ऐकणं असा वापर असेल तर सरासरी ०.९ अँपिअर पडतो, म्हणजे पूर्ण न पिळता सहा तास निघतात. रबरी बोटीवर नेण्यासाठीही हीच बॅटरी सोयीची.

वायर २.५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची तांब्याची घ्या. दोन मीटर अंतराला जाऊन-येऊन चार मीटर वायर होते. ६ अँपिअरला तिच्यात ०.२ व्होल्टपेक्षाही कमी पडतात. तीच ०.७५ ची वायर असेल तर ०.६ व्होल्ट वायरीतच जातात, आणि इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ वर असते हे लक्षात घेतलं तर ते परवडत नाही.

जोडणीचा क्रम असा ठेवा. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून १५ सेंटिमीटरच्या आत १० अँपिअरचा ब्लेड फ्यूज लावा (सेटच्या पुस्तिकेत दुसरा आकडा असेल तर तो पाळा). फ्यूज होल्डर रबरी टोपणाचा घ्या आणि तोंड खाली करून बांधा. त्यात पाणी साचलं की पाती हिरवी पडतात. मग फ्यूज ठणठणीत, पण करंट जात नाही, आणि माणूस सेटमध्ये बिघाड शोधत बसतो. टर्मिनलला गोल थिंबल क्रिम्प करा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. साधी स्लीव्ह पाणी अडवत नाही. निगेटिव्ह वायर थेट बॅटरीला जोडा. मात्र नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर बसवलेला असतो, तिथं कंपनीनं दिलेल्या चासीच्या अर्थ पॉइंटला जोडा. बॉनेटच्या पत्र्यातून आत जाताना रबरी ग्रोमेट हवंच, नाहीतर कडेनं वायर सोलली जाते.

जोडून झालं की मल्टिमीटर सेटच्या प्लगवर धरा, अँटेना लावलेली असू द्या, पीटीटी (माइकवरचं बोलायचं बटण) दाबा. व्होल्टेज अर्ध्या व्होल्टहून जास्त पडलं तर कुठला तरी जोड कच्चा आहे. बोलायला गेलं की डिस्प्ले मंद होणं किंवा सेट बंद होऊन चालू होणं, या तक्रारीचं कारणही दहातल्या नऊ वेळा हेच.

बाइकवर स्वस्त यूएसबी चार्जर आणि बाहेरून घेतलेले एलईडी दिवे रेडिओला फार त्रास देतात. स्क्वेल्च (सिग्नल नसताना स्पीकर गप्प ठेवणारी सोय) आपोआप उघडतो, खरखर येते. एकेक बंद करून दोषी शोधा, त्याच्याच वायरीला क्लिपचा फेराइट (खरखर अडवणारं काळं कडं) लावून तीन-चार वेढे द्या. स्पार्क प्लग बदलताना रेझिस्टरवाला मागून घ्या.

अँटेना

१४५ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी ५१.७ सेंटिमीटर, प्रत्यक्ष दांडी ४९ च्या आसपास. हीच दांडी ४३५ वर पाऊण तरंगलांबीची होते, त्यामुळे एकाच अँटेनेवर सेटचे १४५ आणि ४३५ हे दोन्ही बँड चालतात. पण पाव तरंगलांबीला खाली पत्रा लागतो. बोलेरोच्या टपाचा मधला भाग याला उत्तम. भोक पाडायची तयारी असेल तर एनएमओ माउंट (भोकात बसणारा अँटेनाचा तळ) घ्या, त्याच्या ओ-रिंगमुळे ते जोड बाहेर ठेवणाऱ्या बहुतेक ब्रॅकेटपेक्षा कोरडं राहतं. भोक नको असेल तर बॉनेटच्या कडेचा ब्रॅकेट. चुंबकाचा बेस जीपवर चालतो, पण पावसाळ्यात त्याखाली पाणी आणि लोखंडी कीस साचून रंग जातो. आठवड्यातून एकदा उचलून पुसा.

ब्रॅकेट जिथं बसतो तिथला रंग खरवडून धातू उघडा करा, दातेरी वॉशर घाला, घट्ट करा आणि मग वरून ग्रीस लावा. रंग तसाच राहिला तर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते याचं माप, १ च्या जवळ तितकं चांगलं) कधी सव्वा, कधी अडीच दाखवतो आणि पाऊस पडला की आणखी बदलतो.

बाइकला पत्रा नाही. तिथं ग्राउंड न लागणारी अर्ध्या तरंगलांबीची, साधारण ९८ सेंटिमीटरची अँटेना मागच्या कॅरियरवर लावा. मागे कुणी बसलं असेल तर अँटेना त्याच्या डोक्याशेजारी येते. तेव्हा ‘लो’च, किंवा गाडी थांबवून ते उतरल्यावर बोला.

दांडी कापताना ५३ सेंटिमीटरपासून सुरुवात करा. १४४.१ आणि १४५.९ अशा दोन ठिकाणी ‘लो’वर एसडब्ल्यूआर बघा. १४४.१ ला कमी आणि १४५.९ ला जास्त असेल तर दांडी लांब आहे, तीन-चार मिलिमीटर कापा आणि पुन्हा बघा. उलट असेल तर आखूड झाली, नवी घ्या. मध्यावर १.५ च्या आत आलं की थांबा. २ च्या वर असेल तर कारण शोधा, ३ च्या वर ‘हाय’ दाबूच नका. मोजताना गाडी मोकळ्यावर, दारं बंद, माणसं लांब.

पाणी अडवायची खरी जागा

स्वस्त सेटच्या मागे बहुतेक वेळा एसओ-२३९ (अँटेनाचं सॉकेट) असतं आणि केबलला पीएल-२५९ (त्यात बसणारा प्लग). हा जोड पाणीबंद नाही. सेट आयपी६७ असला तरी नाही. एन प्रकारच्या जोडात रबर असतं, म्हणून सेट तोच पण अँटेनाकडचं टोक एन-टाइप मिळत असेल तर पैसे टाका.

पीएल-२५९ सांभाळायची रीत अशी. जोड हातानं घट्ट करा, पक्कड नको. आधी साध्या पीव्हीसी इन्सुलेशन टेपचा एक थर द्या, म्हणजे पुढच्या वर्षी सगळं सोलून काढता येईल. त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबर टेप दीडपट ताणून, निम्म्यावर निम्मी चढवत, खालून वर गुंडाळत न्या. कौलांसारखी वरची धार खालच्यावर आली की पाणी घसरून जातं. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक घडीत पाणी अडतं. ही टेप उन्हानं तडकते, म्हणून शेवटी पुन्हा पीव्हीसी टेप, तीही खालून वर. जोडाच्या दोन्ही बाजूंना तीन-चार सेंटिमीटर केबल झाकली गेली पाहिजे. एम-सील लावू नका, पुढच्या वेळी कापूनच काढावं लागतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही नको, त्यातल्या आम्लानं तांबं खातं. न्यूट्रल लिहिलेलं चालतं.

केबल सेटमध्ये शिरण्याआधी खाली झोळ सोडा, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतील, जोडात जाणार नाहीत. माइकच्या वायरीलाही हाच नियम.

आता सगळ्यात फसवा बिघाड. आरजी-५८ या अँटेना केबलच्या तांब्याच्या जाळीत एकदा पाणी शिरलं की ते केबलमधून आत ओढलं जातं, जाळी काळी पडते आणि केबल सिग्नल गिळायला लागते. चार मीटरच्या चांगल्या आरजी-५८ मध्ये १४५ वर पाऊण-एक डेसिबल आणि ४३५ वर दीड जातो. सडलेल्या केबलमध्ये त्याच्या कितीतरी पट. आणि मीटर मात्र एसडब्ल्यूआर छान दाखवतो, कारण परत येणारी पॉवरही केबलच खाऊन टाकते. म्हणून पावसाळ्यात एसडब्ल्यूआर आपोआप ‘सुधारला’ तर आनंद मानू नका. टोक कापून जाळी बघा. लाल-चकचकीत किंवा चांदीसारखी असेल तर ठीक. काळी असेल तर स्वच्छ जाळी लागेपर्यंत कापा, नाहीतर केबलच बदला.

मे महिन्यातच एक चाचणी करून घ्या. कोरड्यात एसडब्ल्यूआर लिहून ठेवा, मग झारीनं किंवा बागेच्या नळीनं दहा मिनिटं जोडांवर पाणी सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा हलला तर टेप पुन्हा. सेट बादलीत बुडवून बघण्याचा उद्योग करू नका, त्यातून रबराच्या आयुष्याबद्दल काहीच कळत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. बोलून तापलेल्या बंद डब्यावर यवतेश्वरच्या घाटातला गार पाऊस पडला की आतली हवा आकसते आणि डबा बाहेरचं पाणी आत ओढतो. रबर चांगलं असेल तर काही होत नाही. जुनं असेल तर काचेच्या आतून धुकं दिसतं. हे धुकं म्हणजे पहिली सूचना. सेट बाइकवर बसवताना खाचा उभ्या ठेवा, वाऱ्याला मोकळ्या, सायलेन्सरपासून लांब.

प्रोग्रामिंग

कॉम्प्युटरवर पहिलं काम एकच: सेटमधला मूळ डेटा वाचून फाइल जपून ठेवा. दुसऱ्या मॉडेलची फाइल कधीही लिहू नका. सेट चिर्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चालतो का, हे घेण्याआधीच बघा. कॉम्प्युटर केबल ओळखत नसेल तर सेटला दोष देण्याआधी यूएसबी चिपचा ड्रायव्हर तपासा.

हे सेट १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८० असे मोकळे येतात. भारतात आपल्याला १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ एवढंच. सेटिंगमध्ये ट्रान्समिट याच हद्दीत बंदिस्त करा, नाहीतर घाईत पोलिसांच्या किंवा इतर कुणाच्या चॅनेलवर बोट पडतं. परदेशी याद्यांतल्या ४३० ते ४४० च्या फ्रिक्वेन्सी तशाच भरू नका.

रिपीटरला (आपला सिग्नल उंचावर पकडून पुन्हा पाठवणारं केंद्र) टू मीटरवर, म्हणजे १४४-१४६ च्या बँडवर, बहुधा उणे ६०० किलोहर्ट्झ ऑफसेट असतो, म्हणजे पाठवायची फ्रिक्वेन्सी ऐकायच्या फ्रिक्वेन्सीहून तेवढी खाली. चालू फ्रिक्वेन्सी आणि टोन (रिपीटर उघडणारा खर्जातला सूर) जवळच्या हॅमला विचारून भरा. टोन फक्त ट्रान्समिटला लावा. रिसीव्हलाही लावला तर टोन न पाठवणारी माणसं ऐकूच येत नाहीत आणि सेट बहिरा झालाय असं वाटतं.

दरीत रिपीटर लागत नसेल तर अंतराळ स्थानकाचा रिपीटर भरून ठेवा. वर जायला १४५.९९० आणि ६७ हर्ट्झचा टोन, खाली ४३७.८००. डॉप्लरमुळे (स्थानक जवळ येताना-लांब जाताना फ्रिक्वेन्सी सरकते) रिसीव्हचे पाच चॅनेल करा: ४३७.८१० पासून पाच-पाच किलोहर्ट्झनं उतरत ४३७.७९० पर्यंत. तो नेहमी चालू नसतो, पण चालू असला की अँटेना नीट बसली आहे का हे आभाळाकडूनच कळतं.

स्वस्त सेटमध्ये हार्मोनिकचा, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट जागीही सिग्नल जाण्याचा, दोष असू शकतो. १४५.१ ची तिप्पट ४३५.३ होते. मित्राला शे-दोनशे मीटर लांब उभं करून ४३५.३ ऐकायला सांगा. ‘लो’वरही तिथं तुम्ही खणखणीत येत असाल तर लो-पास फिल्टर लावा किंवा सेट परत करा. फार जवळून ही चाचणी करू नका, मित्राचाच सेट ओव्हरलोड होऊन खोटं बोलतो.

कुठून किती लांब

मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला ४.१२ नं गुणा, रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. दोन मीटर उंचीच्या दोन अँटेना एकमेकींना आदर्श स्थितीत साडेअकरा-बारा किलोमीटर दिसतात. भिलवडी-पलूसच्या पट्ट्यात उभा, भिजलेला ऊस मधे असेल तर बरंच कमी. ओल्या पाल्यात ४३५ जास्त अडकतं, तिथं १४५ वापरा. तेच अजिंक्यताऱ्यासारख्या, आजूबाजूच्या सपाटीहून ३०० मीटर उंच जागेवरून क्षितिज ७० किलोमीटर जातं. मिरज तालुक्यात दंडोबाचा डोंगर अशाच कामाचा. तापोळ्याच्या तळातून मात्र २५ वॉट असो की ५०, डोंगर मधे आहे तोवर पलीकडे काही जात नाही. गाडी वळणावरून कड्याकडे चढवा आणि मग पीटीटी दाबा.

चालत्या बाइकवर माइक हातात घेऊ नका, थांबून बोला. पुराच्या काळात निरोप छोटा ठेवा: कॉलसाइन, कुठून, किती माणसं, काय हवं, पुन्हा कॉलसाइन. गावाचं नाव तालुक्यासकट सांगा, एकाच नावाची गावं या दोन जिल्ह्यांत कमी नाहीत.

सेट पाण्याखाली गेला तर

आधी फ्यूज काढा. चालू करून बघायचा मोह टाळा. कृष्णेचं पुराचं पाणी गाळाचं असतं, तो वाळला की रबराच्या फटीत वाळूसारखा बसतो. म्हणून सगळे प्लग जागेवर असतानाच सेट स्वच्छ पाण्याच्या हलक्या धारेनं धुऊन घ्या, मगच जोड उघडा. जोडांवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून जुन्या टूथब्रशनं घासा. माइक जाळी खाली करून झटका. आवाज दबका येत असेल तर पडद्यावर पाणी आहे, वाळल्यावर सुधारतो. दोन दिवस पंख्याखाली ठेवा, उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली नाही. तांदळाच्या डब्यात ठेवण्यानं पंख्यापेक्षा काही जास्त होत नाही.

काचेआड धुकं नसेल तर डबा उघडू नका, कारखान्यात बसलेलं रबर घरी पुन्हा तसं बसणं कठीण. धुकं असेल तर उघडावाच लागतो. आतली सर्किटची पाटी अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळवा, रबराच्या खाचेतला गाळ काढा, रबराला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात लावा आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे-थोडे करून आवळा. फ्यूज होल्डर, रिले (लावला असेल तर) आणि अँटेनाकडचं केबलचं टोक मात्र न बघता बदला. ही तिन्ही भिजल्यावर आठवडाभर चालतात आणि पुढच्या पुरात ऐनवेळी जातात.